कसणारा आणि खातेदार : शेतकऱ्यांच्या थेट अनुदानातील पात्रतेचे परीक्षण

१

ठाणे शहरात पोखरण मार्गालगत वर्तकनगर ही गृहनिर्माण मंडळाची जुनी वसाहत आहे. आजूबाजूच्या कारखान्यांतील नोकरीच्या आधारे जी कुटुंबे अशा वसाहतींत स्थिरावली, त्यांतील पुष्कळांचे गावाशी असलेले नाते तुटले नाही. मुरबाड-शहापूरकडील एखादा भाताचा तुकडा, कोकणातील वडिलार्जित वरकस किंवा घाटावरील कोरडवाहू शेत त्यांच्या नावावर राहिले. वडील वारल्यावर वारसनोंद झाली आणि सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावे ओळीने चढली. शेत मात्र गावातील चुलतभाऊ, शेजारी किंवा पाड्यावरील एखादे आदिवासी कुटुंब कसत आले, कोठे अर्धेलीने, कोठे खंडाने, आणि बहुधा तोंडी बोलीवर.

अशा स्थितीत केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा दोन हजार रुपयांचा हप्ता बँकेत जमा होतो, तो कोणाच्या खात्यावर? ज्याचे नाव अधिकार अभिलेखात आहे त्याच्या. चिखलात उतरून आवणी करणारा, बियाण्याची आणि खताची उधारी अंगावर घेणारा जो आहे, त्याचे नाव त्या यादीत येत नाही. येथे लबाडी कोणीही केलेली नसते. हप्ता घेणारा नियमाप्रमाणे पात्र असतो, हप्ता देणारा नियमाप्रमाणेच देत असतो. म्हणूनच हा प्रश्न अभ्यासाला योग्य ठरतो. अनुदानातील गैरव्यवहाराची चर्चा वृत्तपत्रांत वारंवार होते. गैरव्यवहार मुळीच झाला नाही तरी जो दोष शिल्लक राहतो, तो व्याख्येचा दोष होय. त्या व्याख्येचे परीक्षण करणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

कोणत्याही योजनेचे मूल्यमापन प्रथम तिच्या स्वतःच्या उद्दिष्टावरून करावयास हवे. ही योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यात आली आणि तिचा प्रारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. वर्षाला सहा हजार रुपये, तीन समान हप्त्यांत, अशी तिची रचना आहे. आरंभी दोन हेक्टरांपर्यंतच्या खातेदारांपुरती असलेली ही मदत त्याच वर्षी क्षेत्राची अट काढून सर्व जमीनधारक कुटुंबांना लागू करण्यात आली. पिकांची निगा राखण्यासाठी आणि योग्य उत्पन्न येण्यासाठी लागणारी बियाणे-खतादी साधने खरेदी करताना शेतकऱ्याला आर्थिक आधार मिळावा, हा तिचा जाहीर हेतू आहे.

हेतू पिकाशी निगडित आहे, पात्रता मात्र मालकीशी निगडित आहे. योजनेच्या व्याख्येनुसार पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून होणाऱ्या कुटुंबाच्या नावे राज्याच्या भूमी अभिलेखांत लागवडयोग्य जमीन असली पाहिजे. १ फेब्रुवारी २०१९ ही त्यासाठी निर्णायक तारीख ठरविण्यात आली. प्राप्तिकर भरणारे, संस्थात्मक जमीनधारक, चतुर्थ श्रेणीखेरीज अन्य शासकीय कर्मचारी, दरमहा दहा हजार रुपये वा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच वैद्य, वकील, अभियंता यांसारखे व्यावसायिक वगळण्यात आले. वगळणुकीची ही यादी पुरेशी तपशीलवार आहे. पण तिचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे : जमीनधारक सधन आहे काय? जमीनधारक ती जमीन स्वतः कसतो काय, हा प्रश्न तीत कोठेही विचारलेला नाही. खंडकरी व वाटेकरी यांना मालकीच्या अभावी लाभ नाही, हे स्पष्टच आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी योजना सुरू करून आणखी सहा हजार रुपयांची भर घातली. तिची लाभार्थी-यादी केंद्राच्या यादीवरच आधारलेली असल्यामुळे व्याख्येतील दोष दुरुस्त न होता दुप्पट झाला.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका एकराच्या सातबाऱ्यावर आठ वारसांची नावे आहेत आणि आठही कुटुंबे इतर अटींत बसतात, असे धरू. लाभ कुटुंबागणिक असल्यामुळे त्या एका एकरापोटी दोन्ही योजना मिळून वर्षाला शहाण्णव हजार रुपये निघतील. शेजारी पाच एकर एकाच कुटुंबाच्या नावे असतील तर तेथे बारा हजार रुपये येतील. आणि हे दोन्ही तुकडे अर्धेलीने कसणाऱ्या भूमिहीन कुटुंबाच्या वाट्याला काहीही येणार नाही. क्षेत्र, पीक, खर्च, श्रम यांपैकी कशाचेही प्रमाण या वाटपात दिसत नाही. प्रमाण दिसते ते नोंदीचे. कोकणपट्टीत एकेका गटावर वारसांची लांबच लांब नावे असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील तत्त्व कल्पित नाही, हे पटेल.

३

यावर असे म्हणता येईल की शासनाने उपलब्ध नोंद वापरली. कसणाऱ्याची नोंदच नसेल तर शासनाने काय करावे? हा आक्षेप वजनदार आहे. परंतु कसणाऱ्याची नोंद का नाही, याचे उत्तर निसर्गात नसून कायद्याच्या इतिहासात आहे, आणि त्या इतिहासात ठाणे जिल्ह्याचे स्थान मोठे आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव, डहाणू, तलासरी या भागांत १९४५ मध्ये वारल्यांचा लढा उभा राहिला, तो वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे तो मराठी वाचकांस परिचित आहे. (उंबरगाव आज गुजरातेत असून डहाणू व तलासरी १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ आला. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कसण्यातून मालकी उत्पन्न होते, हे तत्त्व राज्याने त्या दिवशी मान्य केले.

या तत्त्वाची अंमलबजावणी कितपत झाली, याविषयी वि. म. दांडेकर व गो. ज. खुदानपूर यांची गोखले संस्थेने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी आजही वाचण्यासारखी आहे. कायद्याचा अंमल चालू असतानाच कुळांनी जमिनी ‘राजीखुशीने’ सोडून दिल्याच्या आणि मालकांनी त्या परत घेतल्याच्या घटना सर्रास घडत होत्या, असे तीत आढळून आले. कायद्याने संरक्षण दिले होते, पण ते मागण्याचे बळ कुळाजवळ नव्हते.

त्यापुढील गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. अधिनियमाच्या कलम ३२-ओ अन्वये कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत जमीन खरेदी करण्याचा हक्क ठेवण्यात आला. हेतू उदात्त होता. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की, दुसऱ्याला लेखी कराराने जमीन कसावयास देणे म्हणजे ती गमावण्याचा धोका पत्करणे. साहजिकच करार तोंडी झाले, मुदती एकेका हंगामाच्या झाल्या, आणि कसणाऱ्याचे नाव कागदावर येणार नाही याची खबरदारी घेण्यात येऊ लागली. कूळ नाहीसे झाले नाही. त्याचे नाव नाहीसे झाले. ज्या कायद्याने १९५७ मध्ये एका पिढीच्या कसणाऱ्यास मालक केले, त्याच कायद्याच्या भीतीने पुढच्या पिढीचा कसणारा अदृश्य झाला.

आता या अदृश्यतेवर नव्या अनुदानाची उभारणी झाली आहे. कूळकायद्याच्या धाकाने जे नाव लिहिले गेले नाही, ते लिहिलेले नाही म्हणून अनुदान नाकारले जाते. एका धोरणाच्या अपयशाला दुसऱ्या धोरणाने पुरावा मानावे, यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

४

रोख सन्मान निधीपेक्षा भाताचे अनुदान प्रत्यक्ष पिकाला अधिक जवळचे आहे. तेव्हा तेथे तरी कसणारा दिसतो काय, हे पाहावयास हवे. महाराष्ट्रात हमीभावाने धानाची खरेदी मुख्यतः पणन महासंघ आणि आदिवासी भागांत आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत होते. ठाणे जिल्ह्याच्या सात तालुक्यांपैकी शहापूर व मुरबाड हे आज प्रामुख्याने भाताचे तालुके म्हणून उरले आहेत. हमीभावाखेरीज राज्य शासन क्विंटलमागे बोनस देत असे. २०२०-२१ च्या हंगामात तो क्विंटलला सातशे रुपये, पन्नास क्विंटलांच्या मर्यादेत, असा होता. २०२२-२३ पासून त्याऐवजी हेक्टरी प्रोत्साहनपर रक्कम सुरू झाली : प्रथम हेक्टरी पंधरा हजार, पुढील वर्षी वीस हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत.

हा बदल एका दृष्टीने स्वागतार्ह होता. ठाण्याच्या डोंगराळ भागातील अर्ध्या हेक्टराचा शेतकरी पिकलेल्या भातातून वर्षाचे खाणे ठेवतो, मजुरीचे भात देतो आणि उरले तरच विकतो. त्याने समजा पाच क्विंटल विकले तर जुन्या पद्धतीने त्याला साडेतीन हजार मिळत. हेक्टरी वीस हजारांच्या हिशेबाने त्याच अर्ध्या हेक्टराचे दहा हजार होतात. विक्रीवर आधारलेला बोनस विकणाऱ्याकडे, म्हणजे तुलनेने मोठ्या शेतकऱ्याकडे, झुकतो. क्षेत्रावर आधारलेली रक्कम खाण्यापुरते पिकविणाऱ्यापर्यंतही पोहोचू शकते.

पण पोहोचण्याची वाट पुन्हा नोंदणीतून, म्हणजे सातबाऱ्यातूनच, जाते. खरेदी केंद्रावर नोंदणी करावयाची तर उतारा हवा, आणि उतारा मालकाचा. वाटेकऱ्याने आपले भात मालकाच्या नावे घालावे आणि मालकाच्या खात्यावर आलेली रक्कम त्याच्या मर्जीनुसार वाटून घ्यावी, किंवा हमीभाव सोडून व्यापाऱ्यास विकावे, असे दोनच मार्ग त्याच्यापुढे राहतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद भ्रमणध्वनीवरून करता येऊ लागली. तथापि त्या नोंदीने ‘कोणत्या गटात कोणते पीक’ याचे उत्तर मिळाले. ‘ते कोणी पिकविले’ याचे उत्तर मिळाले नाही. पीक खातेदाराच्या खात्याखालीच नोंदले जाते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. जमिनीशी जोडलेली मदत कालांतराने जमिनीच्या मोबदल्यात मुरते. कसावयास जमीन मागणारे पुष्कळ आणि जमीन थोडी असेल तेथे वाटेकरी आपला वाटा कमी करून घेण्यास तयार असतो. मदत मालकाच्या हाती थेट पडल्यावर ती खाली झिरपावी यासाठी बाजारात कोणतीही शक्ती उरत नाही. उरतो तो केवळ मालकाचा चांगुलपणा. चांगुलपणा अनेक ठिकाणी असतोही. पण तो धोरणाचा आधार होऊ शकत नाही.

५

शेतकऱ्यांच्या अनुदानाची चर्चा महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या विचारांना वगळून करता येत नाही. शेतकऱ्यास अनुदान मिळते ही समजूतच चूक असून त्याला ‘उणे अनुदान’ मिळते, म्हणजे भाव पाडून त्याच्याकडूनच वसुली होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनास शासनाच्या आकड्यांचा आधार आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारासाठी १९८६ ते १९८८ या आधारकाळाचे जे हिशेब भारताने मांडले, त्यांत पिकांवरील आधार सुमारे उणे २४,४०० कोटी रुपये निघाला. खते, पाणी, वीज, कर्ज, बियाणे यांवरील अनुदान सुमारे ४,६०० कोटी रुपयांचे होते. दोन्ही मिळून एकूण आधार शेतमालाच्या मूल्याच्या सुमारे उणे १८ टक्के भरला. ऊस व तंबाखू वगळता इतर पिकांच्या देशी किमती त्या काळी जागतिक किमतींहून कमी होत्या, हे त्याचे कारण.

या युक्तिवादाच्या प्रकाशात वर्षाला बारा हजारांची रक्कम अनुदान न ठरता फार मोठ्या वसुलीतील अल्पशी परतफेड ठरते. ही टीका मान्य केली तरी आपला प्रश्न सुटत नाही, उलट तो अधिक टोकदार होतो. परतफेड करावयाची ती कोणाला? पडलेल्या भावाचा भार ज्याने सोसला त्याला. अर्धेलीच्या शेतात तो भार मालक आणि वाटेकरी या दोघांनी सोसला. ठरावीक खंडाच्या शेतात तो सगळाच कसणाऱ्याने सोसला, कारण भाव पडला तरी खंड कमी होत नाही. परतफेड मात्र दोन्ही ठिकाणी मालकाची होते.

शेतकरी संघटनेची सुप्रसिद्ध घोषणा ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ अशी होती. घाम हे तिचे मोजमाप होते. परंतु चळवळीच्या मांडणीत ‘शेतकरी’ हा शब्द खातेदार, वाटेकरी आणि शेतमजूर यांना एकत्र कवेत घेणारा होता. भाव मिळाला की तो सर्वांना पोहोचेल, असा तीत विश्वास होता. हा विश्वास मालकवर्गाबाबत थोडा भाबडा होता, असे म्हणावयास हवे. त्याच संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून पतींनी पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी असा आग्रह धरला, ही गोष्ट मात्र बोलकी आहे. कुटुंबाच्या आत घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे असू शकते, हे त्या मोहिमेने ओळखले होते. हीच ओळख कुटुंबाच्या बाहेर, मालक आणि वाटेकरी यांच्या संबंधापर्यंत, नेण्याचे काम अपुरे राहिले.

६

मालकास दिलेल्या अनुदानाने कसणाऱ्याचे केवळ नुकसान होते असे नाही. कधी कधी त्याचे शेतच जाते. याचे अभ्यासनीय उदाहरण अमेरिकेतील आहे. १९३३ च्या कृषि समायोजन कायद्याने कापसाचे क्षेत्र कमी करण्याबद्दल पैसे देण्यास आरंभ झाला. दक्षिणेकडील राज्यांत शेती वाटेकरी कसत, पण करार मळेवाल्यांशी होत. वाटेकऱ्याचा हिस्सा त्याला द्यावा, अशी अपेक्षा होती. अनेक मळेवाल्यांनी तो दिला नाही आणि क्षेत्र घटले म्हणून वाटेकऱ्यांस काढून टाकले. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातील टायरोन्झा येथे गोऱ्या व काळ्या वाटेकऱ्यांची संयुक्त संघटना स्थापन झाली, ती या अन्यायातूनच. कराराचा अर्थ वाटेकऱ्यांच्या बाजूने लावू पाहणाऱ्या कृषिखात्यातील कायदेपंडितांना फेब्रुवारी १९३५ मध्ये पदे सोडावी लागली.

भारतातील अनुभव एकसारखा नाही. तेलंगणाच्या २०१८ च्या रयतू बंधू योजनेत मालकांना एकरी रक्कम मिळाली, खंडकऱ्यांना मिळाली नाही. ओडिशाच्या कालिया योजनेत मात्र वाटेकरी व भूमिहीन यांचाही विचार झाला. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक लावणाऱ्यास अकरा महिन्यांचे हक्कपत्र देणारा कायदा केला. मालकाच्या हक्कास बाध येणार नाही, अशी त्यात तरतूद होती, परंतु मालकाची संमती आवश्यक असल्यामुळे त्याची मर्यादाही तेथेच ठरली. पश्चिम बंगालमध्ये १९७८ पासून बर्गादारांची नोंद करण्याची मोहीम झाली होती; म्हणून २०१९ च्या कृषकबंधू योजनेत नोंदणीकृत बर्गादारांस सामावून घेणे त्या राज्यास शक्य झाले. जेथे कसणाऱ्याची नोंद आधी झाली, तेथे अनुदान त्याच्यापर्यंत जाऊ शकले. जेथे नोंद नव्हती, तेथे सदिच्छा असूनही ते मालकापाशी थांबले.

७

वाटेकऱ्यास यादीत घ्यावे असे म्हणणे सोपे आहे. त्यातील अडचण नाकारता येणार नाही. मालकास कायद्याची भीती आहे आणि वाटेकऱ्यास मालकाची. नाव नोंदवावे तर पुढच्या हंगामात शेत जाईल, आणि न नोंदवावे तर अनुदान नाही, अशा पेचात तो बहुधा शेत पसंत करील. बारा हजारांसाठी वर्षाचे भात गमावणे त्याला परवडणारे नाही. तेव्हा जी नोंद मालकीस धोका न पोहोचविता केवळ हंगामापुरते कसणे सिद्ध करील, तीच व्यवहार्य होय. नीती आयोगाने २०१६ मध्ये सुचविलेल्या शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याची दिशा हीच होती. त्यामुळे कूळकायद्याचे उरलेसुरले संरक्षण जाईल, असा त्यावर आक्षेप आहे. पण जे संरक्षण कागदावर नाव नसल्यामुळे मागताच येत नाही, ते जाण्याची भीती कितपत खरी, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

अशी नोंद अशक्य आहे, असे ठाणे जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो. कागदोपत्री पुराव्याबरोबर गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. मिळणारा पट्टा पती व पत्नी या दोघांच्या संयुक्त नावे असतो. आणि हा पट्टा सन्मान निधीच्या पात्रतेसाठी ग्राह्य धरला जातो. म्हणजे कोण कसतो हे गावाला विचारून ठरविता येते, कसण्याचा पुरावा कागदापलीकडेही असतो, आणि स्त्रीचे नाव त्यात बरोबरीने येऊ शकते, या तिन्ही गोष्टी राज्याने वनजमिनीपुरत्या स्वीकारल्या आहेत. शहापूरच्या डोंगरउतारावर प्लॉट कसणारे कुटुंब शेतकरी ठरते. तेच कुटुंब खाली उतरून दुसऱ्याचे खाचर अर्धेलीने कसू लागले की त्या खाचरापुरते शेतकरी राहत नाही. या भेदाचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावयाचे?

वर्तकनगरातील खातेदाराचा हप्ता काढून घ्यावा, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. वडिलार्जित जमिनीचा मालक या नात्याने त्याचे काही हक्क आहेत, आणि कारखाना बंद पडलेल्या कामगाराला दोन हजारांची किंमत नसते असेही नाही. पण ती मदत मालकास दिलेली मदत आहे, हे शासनाने स्पष्ट म्हणावे. ‘शेतकरी’ हे नाव तिला द्यावयाचे, बियाण्या-खतांचा हेतू तिला चिकटवावयाचा आणि बियाणे-खत घेणाऱ्यास तीतून वगळावयाचे, हे एकाच वेळी चालणार नाही. सातबारा हा जमिनीचा लेखा आहे. श्रमाचा लेखा म्हणून त्याचा उपयोग करणे हीच या योजनांतील मूळ चूक होय. ती दुरुस्त करावयाची तर प्रत्येक गावात हंगामापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा लागेल : यंदा हे शेत कोण लावणार? गावाला त्याचे उत्तर ठाऊक असते.